बोगद्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन: मनालीतलं एक वर्ष

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले खोकले आणि पंचवीस-तीस वेळा आलेलं 'म्हणजे' काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या दोन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज कुठला, सांगू? "दादा, मनालीला बर्फ नक्की कधी पडतो?" कुणी हनिमूनचं बुकिंग करतंय, कुणाला आईबाबांना न्यायचंय, कुणाचा ऑफिसचा ग्रुप आहे. सगळ्यांना एक तारीख हवी असते. मी आधी सगळ्यांना एका ओळीत उत्तर द्यायचो, "जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी." ते चूक नाही. पण तेवढंच सांगणंही बरोबर नाही, कारण तसलंच एका ओळीचं उत्तर बघून मी माझ्या आईवडिलांना एकदा गाडीत आठ तास अडकवून ठेवलं होतं. ती गोष्ट आज सांगणार आहे. त्याआधी थोडं हवामान, कारण त्याशिवाय माझी चूक काय होती ते कळणार नाही.

माझी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा साताऱ्याचा. बीटेक कम्प्युटर, बॅकएंडचं काम करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की आमची टीम आता कायम रिमोट. पुण्यातली खोली सोडली आणि मनालीच्या वरच्या अंगाला, गोशालजवळच्या एका गावात, सफरचंदाच्या बागेतली एक खोली भाड्याने घेतली. विचार होता तीन महिने राहायचा. राहिलो पुढच्या ऑगस्टपर्यंत. घरमालक साठीचे, बागायतदार. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो.

तर पहिली गोष्ट. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे मनाली काही फार उंच नाही. मनालीत सगळा हिवाळा बर्फच बर्फ असतो ही आपली समजूत रीलमुळे झालीय. जानेवारीत तिथे दिवसा आठ-दहा अंश असतात आणि रात्री शून्याच्या थोडं खाली. बर्फ पडतो, दोन-चार दिवस राहतो, वितळतो, पुन्हा पडतो. रीलमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या भिंती असतात त्या वर, सोलंगच्या पुढे, रोहतांगला किंवा बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये.

आता हा बोगदा. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर, दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर. त्याआधी लाहौलला जायचं तर ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड ओलांडायला लागायची, आणि हिवाळ्यात ती बंद. लाहौलची माणसं महिनोन्महिने आतच. कुणी आजारी पडलं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. आता तोच प्रवास दहा-बारा मिनिटांचा. मी माझ्या डोळ्यांनी असं कितीदा बघितलंय की ऑगस्टमध्ये या बाजूने वायपर चालू ठेवून बोगद्यात शिरलो आणि त्या बाजूला गॉगल लावून बाहेर पडलो.

हे का होतं ते आपल्याला, म्हणजे सातारकरांना, वेगळं शिकवावं लागत नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात कंबरडं मोडेपर्यंत पाऊस, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की रिमझिम. पुढे माण-खटावला गेलात तर पाण्याचे टँकर. ढग डोंगर चढताना गार होतात, ओझं टाकतात आणि पलीकडे हलके होऊन उतरतात. तेच इथे, फक्त डोंगर तिप्पट उंच. पीर पंजालची रांग मान्सूनला अडवते. म्हणून कुल्लू-मनालीला पावसाळ्यात दणकून पाऊस, आणि लाहौल जवळजवळ कोरडं. तिथली बटाटा, वाटाणा, फ्लॉवरची शेती बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. छोट्या पाटांना ते कुहल म्हणतात. वर्षाला एकच पीक.

पण थांबा, मग लाहौलमध्ये हिवाळ्यात एवढा बर्फ कुठून येतो? मान्सून पोचत नाही ना? इथे दुसरा भिडू येतो, पश्चिमी झंझावात. हा आपल्या समुद्रावरून निघत नाही. भूमध्य समुद्र, कॅस्पियन या भागातून पूर्वेकडे सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा. वर आठ-दहा-बारा किलोमीटरवर वाहणारे पश्चिमेचे जोरदार वारे त्याला ढकलत आणतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत तो हिमालयाला धडकतो. उंचावरून येत असल्यामुळे रोहतांगची भिंत त्याला मान्सूनइतकी अडवत नाही. डिसेंबर ते मार्च असे झंझावात एकामागून एक येत राहतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही तीन दिवस मुक्काम करतात. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तर जानेवारीत निफाडला पारा घसरला अशी बातमी येते ना, बऱ्याचदा आधी असा एक झंझावात तिकडून गेलेला असतो आणि त्याच्या मागून उत्तरेची थंड हवा खाली उतरलेली असते. फेब्रुवारी-मार्चमधल्या आपल्या काही गारपिटींतही त्याचा हात असतो.

म्हणजे "मनालीला बर्फ कधी?" याचं खरं उत्तर कॅलेंडरमध्ये नसतं. झंझावात आला पाहिजे, आणि तो आला तेव्हा तुम्ही उभे आहात तिथलं तापमान शून्याच्या आसपास पाहिजे. दोन अटी आहेत, आणि मध्ये अँड आहे, ऑर नाही. कोडवाल्यांना कळलं असेल.

आता उंचीचा हिशोब. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत चार अंश असतील तर हजार मीटर वर, बोगद्याच्या तोंडाशी, उणे अडीच. म्हणजे एकाच वेळी, एकाच ढगातून, मनालीत भुरभुर पाऊस आणि बोगद्याशी बर्फ. खाली बसलेल्या माणसाला वाटतं, काय किरकोळ पाऊस पडतोय.

आणि ॲप? माझा ॲपवर फार विश्वास होता. आपली सगळी रोजीरोटीच डेटावर, विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? पण ॲपच्या मागे जी जागतिक मॉडेल्स असतात ती जमिनीचे चौकोन पाडतात. चांगल्यातलं चांगलं युरोपियन मॉडेल साधारण नऊ किलोमीटरचा चौकोन धरतं. पुण्यात नऊ किलोमीटर म्हणजे स्वारगेटपासून बाणेरच्या आसपास, सगळं साधारण एका पातळीवर. मनालीत नऊ किलोमीटरमध्ये नदीकाठ २,००० मीटर आणि शिखर ४,०००च्या पुढे. मॉडेल त्याची सरासरी काढतं. मी नंतर एका मोफत सेवेतून माझ्या खोलीच्या अक्षांश-रेखांशाचा कच्चा डेटा काढून बघितला, तर त्यात धरलेली उंची माझ्या खोलीपेक्षा कितीतरी वेगळी होती. म्हणजे ते भाकीत हवेत लटकलेल्या कुठल्यातरी काल्पनिक माणसासाठी होतं. पण हे मी नंतर बघितलं. आधी बघायला हवं होतं.

तर डिसेंबर. नाताळानंतरचा आठवडा. आई आणि अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. मेढा, केळघर, महाबळेश्वर, आंबेनळी, पसरणी, सगळे घाट त्यांनी तीस वर्षं कोळून प्यायलेत. आईने आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये आणि गोळेवाल्याकडे बघितलेला. "एकदा हातात घ्यायचाय," एवढंच तिचं म्हणणं. तीन दिवस मनालीत ऊन. चाचांच्या अंगणात बसून सिड्डू आणि तूप खाल्लं, हिडिंबा मंदिर झालं, मॉल रोड झाला. बर्फाचा पत्ता नाही. परतीचं तिकीट दोन दिवसांवर. मला अपराधी वाटायला लागलं.

त्या रात्री चंद्राभोवती मोठं कडं पडलं होतं. आणि हवा उबदार. आदल्या रात्री तोंडातून वाफ निघत होती, त्या रात्री मी नुसत्या स्वेटरवर गॅलरीत उभा. मला वाटलं, चला, थंडी कमी झाली, उद्या आईला बोगद्यापलीकडे नेऊ. चाचा बाहेर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "बेटा, कल ऊपर मत जाना. नीचे से हवा चल रही है." मी फोन पुढे केला. ॲप म्हणत होतं: हलका बर्फ, एक सेंटीमीटर, शक्यता ४० टक्के. मी हसून म्हटलं, "चाचा, एक सेंटीमीटर." ते काही बोलले नाहीत. पहाडातली माणसं दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

आता त्या दोन खुणांचा अर्थ सांगतो. चंद्राला कडं पडतं ते वर खूप उंचीवर बर्फाच्या स्फटिकांचे पातळ ढग असल्यामुळे. येणाऱ्या झंझावाताच्या पुढे तेच ढग धावतात. आणि रात्र उबदार का? निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. ढग आले की त्यांचं पांघरूण होतं, ऊब अडकते. म्हणजे मी ज्याला चांगली खूण समजत होतो तीच धोक्याची होती. बर्फ पडून आकाश मोकळं झालं की मग खरी थंडी पडते.

सकाळी दहाला टॅक्सीने निघालो. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, तिथलाच. मनालीत ढगाळ, पाच-सहा अंश. बोगदा पार करून सिस्सूला पोचलो. तिथे आधीचा बर्फ जमिनीवर होता. आईने चप्पल काढायला सुरुवात केली, देवळात आल्यासारखी! तिला थांबवलं. मग तिने वाकून मूठभर उचलला आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर रवा आहे." आणि खरंच, कोरड्या थंडीतला बर्फ तसाच असतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. दुपारी एकच्या सुमाराला वरून पडायला लागलं. आधी साबुदाण्यासारखे टपटप उडणारे दाणे, मग हळूहळू मोठाले पिसासारखे. आई तोंड वर करून उभी होती. माझ्याकडे तो व्हिडिओ आहे. तो मी अजून कुठेही टाकलेला नाही.

ड्रायव्हर दीडला म्हणाला, "भैया, चलते हैं." मी म्हटलं, दहा मिनिटं. ती पाऊण तास झाली. ही माझी दुसरी चूक, आणि खरं सांगू का, पहिलीपेक्षा मोठी.

बोगद्यापर्यंत रांग लागली होती. आत शिरेपर्यंत चार वाजले. दक्षिणेच्या तोंडातून बाहेर आलो तर रस्ता दिसतच नव्हता. खाली धुंदी, मग सोलंगपर्यंत उतार. समोर शेकडो गाड्या. सगळी दिल्ली, पंजाब, गुजरात तिथे आलेली. सपाटीवरचे ड्रायव्हर, साधे टायर, आणि बर्फावर सगळ्यात वाईट गोष्ट जी करता येते तीच सगळे करत होते: उतारावर ब्रेक दाबत होते. एक गाडी आडवी झाली, तिच्यामागे दुसरी. मग सगळं थांबलं. अण्णा पुढच्या सीटवर होते. ते काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाले, "आरं, हा रस्ता न्हाई, तेल लावलेली परात हाय."

बर्फावरून गाड्या गेल्या की तो दाबला जातो, वरचा थर वितळतो आणि संध्याकाळी ऊन गेलं की पुन्हा गोठतो. मग तो काचेसारखा होतो. डांबरावर पारदर्शक थर जमला तर दिसतही नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. कोवळ्या, पिसासारख्या बर्फावर टायर बऱ्यापैकी धरतो. या काचेवर धरत नाही.

पाच वाजले, सात वाजले, नऊ वाजले. बाहेर उणे सात-आठ असेल. इंजिन चालू ठेवून हीटर लावला होता. साडेसातला ड्रायव्हर न सांगता उतरला, मागे गेला, पायातल्या मॅटने काहीतरी उकरायला लागला. मला वाटलं चाक अडकलंय. तो सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत होता. परत येऊन त्याने इंजिन बंद केलं, एक काच दोन बोटं खाली केली. आई म्हणाली, "अरे, गारठा येतोय, लाव ना ती." तो म्हणाला, "माताजी, ठंड से आदमी चिल्लाता है. धुएँ से चुपचाप सो जाता है."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हे लक्ष देऊन ऐका, कारण तुमच्यापैकी कुणीतरी या हिवाळ्यात तिथे असणार आहे. गाडी बर्फात उभी असेल आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं, तर धूर गाडीखाली साठतो आणि आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, माणूस झोपतो आणि उठत नाही. म्हणून इंजिन थोडा वेळ चालू, बराच वेळ बंद. दर वेळी चालू करण्याआधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा. काच किंचित उघडी. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांचंही हेच होतं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, हे माहीत असून मला सुचलं नाही. त्या मुलाला सुचलं.

आईची रात्रीची बीपीची गोळी खोलीवर. जवळ पाण्याची एक बाटली, राजगिऱ्याचे दोन लाडू, तिनेच पिशवीत टाकलेले. फोन? माझा ३८ टक्क्यांवरून एकदम बंद. लिथियमच्या बॅटरीचं थंडीत हेच होतं, आतली रासायनिक क्रिया मंदावते, चार्ज असतो पण बाहेर येत नाही. नंतर कळलं, फोन आतल्या खिशात अंगाला लावून ठेवायचा असतो. आणि गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावायचा नाही, आधी तो गरम होऊ द्यायचा, नाहीतर बॅटरी कायमची बिघडते.

अण्णा नऊला खाली उतरले. मी नको म्हणत होतो. मागच्या गाडीतला मुलगा सारखा ब्रेक मारत आमच्यावर घसरत येत होता. अण्णा त्याच्या काचेशी गेले आणि आपल्या एसटीच्या हिंदीत म्हणाले, "जिस गियर में चढ़ता है, उसी में उतरने का. ब्रेक को पाँव नहीं लगाने का." आमचा ड्रायव्हर हसला, म्हणाला, "अंकल पहाड़ी हैं क्या?" मग ते दोघं मिळून पुढच्या चार-पाच गाड्यांना हाताने खुणा करत, एकेक करून सरळ करत राहिले. मी आईचे हात चोळत बसलो होतो. ती काही बोलत नव्हती.

साडेदहाच्या पुढे पोलीस आणि आसपासच्या गावातली पोरं फोर बाय फोर घेऊन वर आली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी. आई त्यात गेली. आम्ही बारा वाजता सोलंगला पोचलो. चाचा तंदूर पेटवून जागे होते. तिकडे तंदूर म्हणजे रोटीचा नव्हे, खोलीच्या मध्यभागी असणारी लोखंडी लाकडाची शेगडी, धुराचा पाइप छपरातून बाहेर गेलेला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. गरम पाण्याची बादली आणली. अण्णांच्या पायाची बोटं पांढरी पडली होती, ऑफिसचे चामड्याचे बूट आणि सुती मोजे. चाचांनी त्यांना शेकोटीशी पाय नेऊ दिले नाहीत, कोमट पाण्यातच ठेवायला लावले. बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही. दोन बोटांची संवेदना परत यायला दोन आठवडे लागले. आई माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलली. पहिलं वाक्य, "तुझ्या त्या चाचांनी सांगितलं होतं ना?"

हो. सांगितलं होतं.

आईअण्णा गेल्यावर मी एक शीट बनवली. एका कॉलममध्ये ॲप, एकात चाचा, एकात प्रत्यक्ष. मार्चपर्यंत भरत राहिलो. चाचाच नेहमी बरोबर निघाले, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. तीन-चार दिवस आधी झंझावात येतोय का, हे ॲपला चाचांपेक्षा पुष्कळ चांगलं कळायचं. आज रात्री, आपल्या नाल्यात, किती? ते चाचांना. हवामान खात्याचे यलो आणि ऑरेंज अलर्टही मी तेव्हापासून बघायला लागलो. ते जिल्ह्यासाठी असतात, पण त्यात माणसाचं डोकं लागलेलं असतं.

बाकीचं वर्ष भराभर सांगतो.

जानेवारी-फेब्रुवारी खरा बर्फ. आणि संक्रांतीपासून एक गंमत. गोशाल आणि आसपासची काही गावं बेचाळीस दिवस मौन पाळतात. देव स्वर्गात गेलेले असतात, त्यांना त्रास नको म्हणून टीव्ही नाही, गाणी नाहीत, शेतात खणणं नाही, फोन सायलेंटवर. आपल्याकडे तिळगूळ घ्या गोड बोला, इथे बोलूच नका. मी दीड महिना हेडफोन लावून, पांघरुणात तोंड घालून मीटिंगा केल्या. मॅनेजरला वाटलं मी आजारी आहे. पण विचार करा, जमीन गोठलेली, करण्यासारखं काही नाही, शांत राहण्याचाच तो काळ. त्याच दिवसांत नळ गोठतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून रात्री नळ बारीक ठिबकत ठेवायचा. पाणी वाया घालवू नये या संस्कारात वाढलेल्या साताऱ्याच्या पोराला ते पहिले आठ दिवस झोप लागू देत नाही.

चाचा बर्फाला 'सफेद खाद' म्हणायचे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. आणि बर्फ हळूहळू वितळत मुळाशी ओल देतो. पावसासारखा एका तासात वाहून जात नाही. मी परत आल्यानंतरचा जानेवारी, २०२४ चा, हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. चाचांचा फोन आला तेव्हा पर्यटकांविषयी एक शब्द नव्हता. बागेविषयी होता.

मार्च फसवा. ऊन छान, बर्फ ओला आणि जड, आणि वरच्या उतारांवरून हिमस्खलनं. एप्रिलमध्ये सफरचंदाला फुलं, तेव्हा गारपीट झाली की वर्षाची कमाई पंधरा मिनिटांत गेली. मे-जूनला दिवसा पंचवीसच्या आसपास. आपले लोक तेव्हा येतात आणि "बर्फ कुठंय?" म्हणत रोहतांगला जातात. तिथे मिळतो, पण मळका. सनस्क्रीन मात्र तेव्हाही लावा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत भाजलेली माणसं मी बघितलीत.

आणि जुलै. मान्सून तिथे जूनच्या शेवटी पोचतो. जुलै २०२३ च्या ८ ते १० तारखेला मान्सून आणि पश्चिमी झंझावात दोघं एकत्र आले. हिवाळ्यातला पाहुणा पावसाळ्यात आला, म्हणा. बियास नदीने मनाली-कुल्लू रस्त्याचे तुकडे नेले. आमची वीज गेली, नेटवर्क गेलं. नदीत मोठे दगड एकमेकांवर आपटायचे, तो आवाज रात्रभर खालून यायचा, जमिनीतून पायांना जाणवायचा. आणि त्याच दिवसांत, बोगद्यापलीकडे चंद्रतालला, ४,२०० मीटरच्या वर, बर्फ पडला! जुलैत. अडीचशेहून जास्त पर्यटक तिथे अडकले होते, त्यांना चार-पाच दिवसांनी बाहेर काढलं. साडेसहा अंशांचा तोच हिशोब.

घरी फोन लागला तिसऱ्या दिवशी. मला वाटलं आई रडेल. अण्णांनी उचलला. म्हणाले, "नदीपासनं किती वर आहेस?" मी म्हटलं, शंभर फूट. "मागं दरड हाय का?" नाही. "मग तिथंच ऱ्हा. रस्ता चालू झाला म्हणून लगेच निघू नको, पयल्या दिवशीचा रस्ता खरा नसतो." आणि ठेवला. ते वाक्य त्यांनी आंबेनळीतून उचललेलं होतं, पण तिथे तंतोतंत लागू पडलं. उघडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा खचला.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मला जमेल तसं. नुसता बर्फ बघायचा असेल तर जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारी, आणि हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा. पर्यटनाचा सगळा घोळ परतीच्या तिकिटामुळे होतो. स्वच्छ आकाश आणि डोंगर हवेत, तर ऑक्टोबर. तेव्हा झंझावातही कमी असतात, मान्सूनही नसतो. बागा फुललेल्या हव्यात, तर एप्रिल. जुलै-ऑगस्टला या बाजूला जाऊ नका, गेलात तर नदीकाठचं हॉटेल घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी. बोगद्यापलीकडे जायचं तर सकाळी लवकर जा आणि बर्फ पडायला लागला की व्हिडिओ अर्धा ठेवून निघा. आईवडील सोबत असतील तर गोळ्या पिशवीत, हॉटेलवर नाही. लोकरीचे मोजे दोन जोड. आणि ड्रायव्हर "चलते हैं" म्हणाला की दहा मिनिटं मागू नका.

अण्णा या फेब्रुवारीत पुन्हा जायचं म्हणतायत. आईची अट आहे, तारीख मी ठरवायची नाही, चाचांना विचारायचं. विचारलं. ते म्हणाले, "आ जाओ, फिर आसमान देखेंगे." त्यामुळे तिकीट अजून काढलेलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.